कर्त्याला आपले काम दिसते का?

२०२५ सालच्या सुरुवातीला सोळा प्रोग्रामरांनी एका प्रयोगात भाग घेतला. मंडळी नवशिकी नव्हती. प्रत्येकजण आपापल्या ओपन सोर्स प्रकल्पात वर्षानुवर्षे मुरलेला, त्या कोडच्या खाचाखोचा ठाऊक असलेला. एमईटीआर या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेने त्यांच्याच प्रकल्पांतली २४६ खरी कामे घेतली आणि चिठ्ठी टाकावी तसे ठरवले, की हे काम एआयच्या मदतीने करायचे आणि हे मदतीशिवाय. सुरू करण्याआधी प्रोग्रामरांचा अंदाज होता, एआयमुळे २४ टक्के वेळ वाचेल. सगळे आटोपल्यावर विचारले तेव्हा ते म्हणाले, २० टक्के तरी वाचलाच. घड्याळाचा हिशेब उलटा निघाला. एआय वापरलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला होता.

बातम्यांनी यातून एआयविषयीचा निकाल तेवढा उचलला. तो निकाल त्या वेळच्या साधनांपुरता आणि तशा कामांपुरता आहे. साधने बदलली की आकडाही बदलेल. खरी अचंब्याची गोष्ट निराळी आहे. रोज हेच काम करणारी, त्यात निष्णात असलेली माणसे आपला हात भरभर चालला की रखडला एवढेही सांगू शकली नाहीत. कोणी खोटे बोलत नव्हते; त्यांना मनापासून तसे वाटत होते. मग हा प्रश्न संगणकाचा उरत नाही. कर्त्याला आपले कर्म कळते का, असा तो प्रश्न होतो, आणि त्याच्या अगदी जवळच्या एका प्रश्नावर भारतात हजार-दीड हजार वर्षांपूर्वी कडाक्याचा वाद झालेला आहे.

त्या वादाचा विषय होता ज्ञानाचे ज्ञान. समोर घट दिसला. पण ‘मला घट दिसतो आहे’ हे कशाने कळले? बौद्ध आचार्य दिङ्नाग म्हणतो, ज्ञान स्वतःच स्वतःला जाणते, हे स्वसंवेदन. मीमांसक प्रभाकराच्या मते जाणणारा, जाणणे आणि जाणलेली वस्तू ही तिन्ही एकाच क्षणी उजळतात. नैयायिकांना हे पटत नाही. पहिल्या ज्ञानामागोमाग मनात दुसरे ज्ञान उपजते आणि त्याने पहिले कळते, असे त्यांचे मत. त्या दुसऱ्याला ते अनुव्यवसाय म्हणतात. सगळ्यांत धीट भूमिका कुमारिल भट्टाच्या परंपरेची आहे. तिच्यानुसार ज्ञान कधी प्रत्यक्ष दिसतच नाही. घट जाणला गेला की त्याच्यावर ‘ज्ञातता’ नावाचा धर्म येतो, आणि त्या खुणेवरून आपण मागाहून अनुमान करतो की ज्ञान झाले असले पाहिजे. स्वसंवेदन न मानणाऱ्यांचा आवडता दाखला सुरीचा. तिची धार इतर सगळे कापते, स्वतःला कापू शकत नाही. आपल्याकडे ज्ञानदेवांनी चांगदेवांना लिहिलेल्या पासष्ट ओव्याही द्रष्टा, दर्शन आणि दृश्य या त्रिपुटीभोवतीच फिरतात.

घट दिसणे आणि प्रोग्राम लिहिणे या गोष्टी एक नव्हेत. दर्शनकारांसमोर एका क्षणाचे ज्ञान होते. इथे दिवसचे दिवस चालणारे कौशल्य आहे. तरीही व्यावसायिक प्रोग्रामरांचा गेल्या पन्नासेक वर्षांत झालेला अभ्यास वाचताना भाट्टांचे, म्हणजे कुमारिलाच्या परंपरेचे, म्हणणे वारंवार आठवते. कामाची खूण कामावर उमटते, आणि करणारा स्वतःसुद्धा त्या खुणेवरूनच ‘मी असे केले असणार’ असा तर्क लढवतो. तर्क चुकू शकतो.

सॉफ्टवेअरच्या जगाला हे उमगायला वेळ लागला. प्रोग्राम कसा लिहावा हे सांगणारे पुष्कळ होते. तो कसा लिहिला जातो हे जाऊन पाहणारे थोडे. जेराल्ड वाइनबर्ग यांचे ‘द सायकॉलॉजी ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रामिंग’ १९७१ मध्ये आले आणि प्रोग्रामिंग हा माणसांचा उद्योग आहे ही साधी गोष्ट ठळकपणे मांडली गेली. तरी कंपन्यांच्या भिंतींवर तक्ते लागले ते पायऱ्यांचेच. आधी गरजा, मग आराखडा, मग कोड, मग टेस्टिंग.

१९८६ मध्ये डेव्हिड पार्नास आणि पॉल क्लेमेंट्स यांनी एका निबंधात स्पष्ट लिहिले, की या शिस्तशीर क्रमाने कोणी काम करत नाही आणि करू शकणारही नाही. गिऱ्हाइकाला काय हवे ते त्यालाच पुरते ठाऊक नसते, बरेचसे तपशील काम करता करताच उघड होतात, आणि माणसे चुकतात. गंमत पुढे आहे. एवढे सांगून त्यांनी सल्ला दिला, की कागदपत्रे मात्र क्रम पाळला असावा अशीच लिहावीत. गणितज्ञही सिद्धता छापताना आपली भटकंती छापत नाहीत, सरळ केलेली वाट छापतात. वाचणाऱ्याच्या दृष्टीने सल्ला चांगलाच आहे. पण त्याचा एक परिणाम फारसा मोजला गेलेला नाही. पुढच्या पिढीला वाटते, काम असेच झाले होते. काही महिन्यांनी लिहिणाऱ्यालाही तसेच वाटू लागते.

म्हणून शेजारी बसून पाहणाऱ्यांचे मोल आहे. बेल लॅब्समध्ये डेवेन पेरी, नॅन्सी स्टॉडेनमायर आणि लॉरेन्स व्होटा यांनी प्रोग्रामरांना आधी दैनंदिनी भरायला दिली आणि नंतर प्रत्यक्ष निरीक्षण केले. त्यांचा लेख १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. एक प्रोग्रामर दिवसाकाठी सरासरी ७५ मिनिटे आधी न ठरवलेल्या बोलण्यात घालवतो असे दिसले. कोणी टेबलाशी येऊन काही विचारते, कोणाचा फोन येतो, जाता-येता कोणी गाठते. हा सव्वा तास कुठल्याच प्रकल्प-योजनेत नसतो. तो वाया गेलेला वेळ समजणारे व्यवस्थापक आजही आहेत, आणि ते चुकतात; कारण नेमकी हवी ती माहिती बहुतेकदा याच सव्वा तासात हाती लागते. त्याआधी १९८८ मध्ये बिल कर्टिस, हर्ब क्रॅस्नर आणि नील इस्को यांनी सतरा मोठ्या प्रकल्पांचा अभ्यास केला. तिथे अडचण कोड लिहिण्याच्या वेगाची नव्हती. ज्या व्यवसायासाठी सॉफ्टवेअर बनते आहे त्याचे ज्ञान गटात अगदी विरळ पसरलेले होते. एखाद-दुसऱ्या माणसाच्या डोक्यात ते पक्के, बाकीचे त्याच्यावर विसंबलेले. चीनमध्ये झालेला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास तर ७८ व्यावसायिक प्रोग्रामरांच्या ३,१४८ तासांच्या कामाचा आहे. त्यात सुमारे ५८ टक्के वेळ आधीचा कोड समजून घेण्यात गेलेला आढळला.

मायक्रोसॉफ्टमध्ये अँड्र्यू को, रॉबर्ट डीलाइन आणि जिना व्हेनोलिया यांनी सतरा जणांजवळ प्रत्येकी दीडेक तास बसून एकच गोष्ट टिपली. या क्षणी याला काय जाणून घ्यायचे आहे? २००७ च्या त्या लेखातले प्रश्न कुठल्याही आयटी कंपनीत ऐकू येतील असे आहेत. माझे सहकारी सध्या काय करताहेत? हे कशामुळे बिघडले असेल? आणि सगळ्यांत चिवट प्रश्न, हे असे का लिहिले आहे? उत्तरासाठी माणसे वारंवार कागदपत्रांकडे न जाता माणसांकडेच जात होती.

हा शेवटचा प्रश्न जवळून पाहण्यासारखा आहे. समजा हिंजवडीत एका बँकेच्या व्याज-आकारणीचा कोड सांभाळणारी एक प्रोग्रामर आहे. एका फंक्शनमध्ये तिला अट दिसते, तारीख ३१ मार्च असेल तर पुढची पायरी गाळा. कॉमेंट नाही. कोणती ओळ कोणी लिहिली हे पाहायला गिटमध्ये ‘ब्लेम’ काढले तर सहा वर्षांपूर्वीचे एक नाव सापडते. कमिटखाली मजकूर एकच शब्दाचा, ‘फिक्स’. तो माणूस नोकरी सोडून गेलेला. ती सगळ्या फाइलींत त्या तारखेचा शोध घेते, दोन ठिकाणी तशीच अट सापडते, तिसऱ्या ठिकाणी सापडायला हवी तिथे नसते. टेस्ट सर्व्हरवर तारीख पुढे सरकवून जॉब चालवते आणि लॉग वाचत बसते. शेवटी शेजारच्या क्युबिकलमध्ये डोकावते.

“ही एकतीस मार्चची कंडिशन काढली तर चालेल का?”

“नको नको, हात लावू नकोस तिला. एका ईयर-एंडला खात्यांवर दोनदा व्याज पडलं होतं. रात्रभर बसून रिव्हर्स केलं होतं सगळ्यांनी.”

संध्याकाळी टाइमशीटमध्ये ती लिहिते, बग फिक्सिंग, आठ तास. दुसऱ्या दिवशी स्टँड-अपमध्ये सांगते, कालचा बग क्लोज केला. तिने केलेला बदल अवघ्या एका ओळीचा असतो. काय शोधले, कुठे फसली, कोणता तर्क धरला आणि का सोडला, यातले काहीच कुठे नोंदले जात नाही. आणि आठवडाभराने विचारले तर तिलाही ते तसेच्या तसे सांगता येणार नाही. ती सांगेल ते सुसंगत असेल, पटण्याजोगे असेल, आणि बऱ्याच अंशी मागाहून जुळवलेले असेल.

असे जुळवणे हा मनाचा स्वभावच दिसतो. रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन यांचा १९७७ चा लेख यासाठी प्रसिद्ध आहे. एका प्रयोगात गिऱ्हाइकांसमोर नायलॉनच्या पायमोज्यांचे चार जोड मांडले, चारही अगदी एकसारखे, आणि विचारले, कोणता उत्तम? सर्वांत उजवीकडचा जोड डावीकडच्यापेक्षा जवळपास चौपट वेळा निवडला गेला. कारण विचारल्यावर लोक विणीबद्दल, पोताबद्दल बोलले. जागेचे नाव कोणी काढले नाही. स्वतःच्या मनात डोकावून सांगतो आहोत असे त्यांना वाटत होते; प्रत्यक्षात ते, एखाद्या तिऱ्हाइताने करावा तसा, पटणारा अंदाज सांगत होते. कुमारिलाच्या परंपरेला यात फारसे नवल वाटले नसते.

पण म्हणून कर्त्याचे बोलणे कवडीमोल ठरत नाही. अँडर्स एरिक्सन आणि हर्बर्ट सायमन यांनी यात एक महत्त्वाचा फरक केला. काम चालू असताना मनात जे येते आहे ते तसेच मोठ्याने बोलत जाणे वेगळे, आणि काम झाल्यावर ‘असे का केलेस’ याचे कारण देणे वेगळे. पहिल्यात भरवशाचे पुष्कळ मिळते. दुसऱ्यात माणूस स्वतःचा वकील होतो. प्रोग्रामरांचा अभ्यास करणाऱ्यांनी मोठ्याने विचार करायला लावण्याची ही पद्धत भरपूर वापरली आहे. दिङ्नागाच्या बाजूलाही थोडे सत्य आहे, असे यावरून म्हणता येईल. पण ते त्या क्षणापुरते, क्षण सरला की तेही निसटते.

इथवर प्रश्न एका माणसाच्या आत्मज्ञानाचा होता. डेन्मार्कच्या पीटर नाउर यांनी तो आणखी खोल नेला. मूळचे खगोलशास्त्रज्ञ, अल्गोल ६० या भाषेच्या प्रसिद्ध अहवालाचे संपादक, २००५ च्या ट्युरिंग पुरस्काराचे मानकरी. १९८५ च्या एका निबंधात त्यांनी म्हटले, की प्रोग्राम म्हणजे कोड नव्हे, कागदपत्रेही नव्हेत. प्रोग्रामिंग म्हणजे मनात एक ‘थिअरी’ उभारणे, आणि लिहिलेला मजकूर हे त्या थिअरीचे दुय्यम फळ. थिअरी हा शब्द त्यांनी गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञाच्या अर्थाने घेतला होता. करता येणे, केले त्याचे समर्थन करता येणे, अनपेक्षित प्रश्नाला तोंड देता येणे, अशी ती जिवंत समज.

नाउर यांनी दाखला दिला तो एका कंपायलरचा. एका गटाने कंपायलर बनवला होता. दुसऱ्या गटाला थोड्या वाढवलेल्या भाषेसाठी तोच पुढे न्यायचा होता. त्यांना सगळा कोड मिळाला, आराखड्याची सविस्तर चर्चा असलेली कागदपत्रे मिळाली, वर पहिल्या गटाचा सल्लाही. तरी त्यांनी सुचवलेले कित्येक बदल मूळ रचनेतली ताकद न वापरता बाहेरून लावलेली ठिगळे होती. रचनेत त्याची सोय आधीच होती आणि ती कागदपत्रांत सांगितलेलीही होती. पहिल्या गटाला ही खोट तत्काळ दिसे आणि ते साधा, रचनेत बसणारा उपाय सुचवत. पुढे कंपायलर तिसऱ्यांच्या हाती गेला, आणि काही वर्षांनी मूळची रचना ओळखू येत होती, पण भरींखाली निकामी झाली होती.

महाराष्ट्रातल्या हजारो घरांना हे तत्त्वज्ञान न वाचता ठाऊक आहे. तिथे याला केटी म्हणतात. परदेशातल्या कंपनीचे काम पुण्या-मुंबईकडे येते तेव्हा काही आठवड्यांचे नॉलेज ट्रान्सफर असते. आधी तिकडचा माणूस सांगतो, मग इकडचा त्याच्याशेजारी बसून पाहतो, मग इकडच्याने तिकडच्याला उलट समजावून सांगायचे, म्हणजे रिव्हर्स केटी. बैठका रेकॉर्ड होतात, शेअरपॉइंटवर फोल्डर भरतात, साइन-ऑफ होतो. आणि महिन्याभराने रात्री दोनला प्रॉडक्शनमध्ये जॉब पडतो तेव्हा त्या फोल्डरात उत्तर नसते. सांगणाऱ्याने लपवलेले असतेच असे नाही. आपल्याला हे माहीत आहे, हेच त्याला माहीत नव्हते. प्रसंग येईपर्यंत ते बाहेर येत नाही. तीनही पायऱ्यांत रिव्हर्स केटी सर्वांत उपयोगी, कारण शिकणारा चुकीचे सांगतो तेव्हाच जुन्या माणसाला आठवते की अरे, हे आपण बोललोच नाही. बहुतेक प्रकल्पांत वेळ कमी पडला की पहिली कात्री तिलाच लागते. हे दुर्दैवी आहे.

भारतीय आयटी उद्योगाने प्रक्रियेच्या कागदांवर नाव कमावले. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संस्थेने आखलेल्या सीएमएम मानकाची सर्वोच्च, पाचवी पातळी गाठणाऱ्या कंपन्यांत नव्वदच्या दशकाअखेर भारतीय कंपन्या आघाडीवर होत्या. ते श्रेय खरे आहे. त्या शिस्तीने परक्या गिऱ्हाइकांचा विश्वास मिळवला. पण त्याच शिस्तीतून अशीही समजूत पक्की झाली, की काम कागदात पुरते उतरले आहे, मग माणूस बदलला तरी चालेल. नाउर यांचा निष्कर्ष बरोबर उलटा होता. प्रोग्रामरला कारखान्यातल्या बदलता येणाऱ्या कामगारासारखे वागवणे चूक आहे, त्याला जबाबदार आणि कायमचे स्थान हवे, असे त्यांनी त्या निबंधात लिहून ठेवले. माणसांना ‘रिसोर्स’ म्हणून मोजणाऱ्या, दर तिमाहीला या प्रकल्पातून त्या प्रकल्पात हलवणाऱ्या उद्योगाने ते वाचायला हवे होते.

निरीक्षणाचीही एक नीती आहे. कळ किती वेळा दाबली, माउस किती हलला, स्क्रीन किती वेळ उघडी होती हे मोजणारी सॉफ्टवेअरे घरून काम सुरू झाल्यापासून बरीच पसरली. त्यालाही काम पाहणेच म्हणतात, पण ती पाळत आहे. वर शेजारी बसून केलेल्या ज्या अभ्यासांचा उल्लेख आला त्यांत पाहणारा स्वतःला काही कळत नाही असे मानून बसतो, विचारतो, ऐकतो. पाळत ठेवणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असते, त्याला फक्त आकडा हवा असतो. लॉग वाचत स्तब्ध बसलेली ती प्रोग्रामर अशा आकड्यात रिकामी दिसेल, आणि घाईने दोनशे ओळींचे ठिगळ लावणारा कामसू.

आता शेजारी यंत्र बसले आहे, आणि प्रश्नाला नवे टोक फुटले आहे. अँथ्रॉपिक कंपनीच्या संशोधकांनी २०२५ मध्ये आपल्या भाषा-मॉडेलच्या आत डोकावून ३६ अधिक ५९ ही बेरीज तपासली. आत दोन वाटा समांतर चालताना दिसल्या. एक उत्तराचा ढोबळ अंदाज बांधणारी, दुसरी शेवटचा अंक नेमका काढणारी. पण कशी केलीस असे विचारल्यावर मॉडेलने शाळेतली रीत सांगितली, एककांची बेरीज करून हातचा घेतला. पायमोज्यांच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांचेच हे उत्तर आहे. करणे एक, सांगणे दुसरे. आणि दोन्ही ठिकाणी सांगणारा फसवत नाही.

म्हणजे यंत्राने लिहिलेल्या कोडला ‘हे असे का लिहिले’ म्हणून विचारले, तर उत्तर अस्खलित मिळेल, पण ते झालेल्या कामाचे वर्णन असेलच असे नाही. मग थिअरी कोणाजवळ आहे? कोड न वाचता मर्ज करणाऱ्याजवळ नक्कीच नाही. यंत्राजवळ असू शकते का, यावर तत्त्वज्ञ भांडतील आणि भांडावेही. नाउर यांनी मात्र थिअरी असलेल्या माणसाच्या तीन खुणा देऊन ठेवल्या आहेत. प्रोग्रामचा बाहेरच्या व्यवहाराशी असलेला संबंध त्याला सांगता येतो, प्रत्येक भाग असा का आहे याचे समर्थन करता येते, आणि नवी मागणी आली की रचनेला धरून बदल सुचवता येतो. पहिल्या दोन खुणांवर बोलून निभावून नेता येते. तिसरीवर येत नाही. बँकेचा नियम बदलतो, व्याज तिमाहीऐवजी महिन्याला आकारायचे ठरते, आणि मग त्या ३१ मार्चच्या अटीचे काय करायचे हे कोणाला तरी ठरवावे लागते. तिथे शेजारी बसून पाहिले तर दिसते, की समोरचा रचनेत शिरतो आहे की अटीला आणखी एक अट जोडतो आहे.